खांद्याचा इतिहास: हरणासाठी केवढी रायफल लागते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लेखी स्वरूपात. माझे "अं... म्हणजे" तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय जरा वेगळा आहे. सुरुवात झाली एका व्हॉइस नोटपासून. इंजिनिअरिंगला माझ्या बॅचला असलेली एक मैत्रीण बरीच वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहते. उंची जेमतेम पाच फूट. तिकडे नोव्हेंबरच्या शेवटी नऊ दिवसांचा हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. सरकारी परवाना, नारिंगी जॅकेट, कोणी किती हरणं मारायची याचे नियम, सगळं ठरलेलं. शेजारचे एक आजोबा दर वर्षी जातात, घरातलं वर्षभराचं मांस त्यातूनच येतं. यंदा त्यांनी हिलाही विचारलं आणि हिने उत्साहात हो म्हटलं.

मग सराव सुरू झाला. आजोबांची रायफल होती .३०० विन्चेस्टर मॅग्नम. पहिल्या गोळीला खांदा दणकला. तिसऱ्या गोळीपर्यंत हिला कळलं होतं की काय येणार आहे. पाचव्यानंतर आजोबांनी एक युक्ती केली. हिच्या नकळत रायफल रिकामीच हातात दिली. हिने चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं. पण नळीचं टोक चांगलं वीतभर खाली गेलं आणि डोळे गच्च मिटलेले! गोळी नव्हती, धक्का नव्हता, तरी शरीर आधीच घाबरून गेलं होतं.

रात्री दीडला व्हॉइस नोट आली: "ऐक ना, तू इतिहासवाला आहेस. सगळे म्हणतायत 'बायकांची' छोटी रायफल घे. मला ते 'बायकांची' प्रकरण डोक्यात जातंय. पण त्याहून जास्त भीती ही वाटते की माझा नेम चुकेल, हरीण नुसतं जखमी होईल आणि मी जन्मभर ते विसरणार नाही. छोटी म्हणजे खरंच कमजोर असते का रे?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला मला दीडशे वर्षं मागे जावं लागलं.

त्याआधी एक खुलासा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती असावी असंच माझं मत आहे. हा भाग तिकडच्या लोकांच्या एका जुन्या प्रश्नाबद्दल आहे. शिकार बरोबर की चूक, यावर वेगळा भाग करू.

आधी थोडं गणित

घाबरू नका, अकरावीचं फिजिक्स पुरेल. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते, न्यूटनचा तिसरा नियम. फक्त गोळीच पुढे जात नाही, जळलेल्या दारूचा वायूही जातो आणि तोही हिशोबात धरावा लागतो. मी एक स्प्रेडशीट बनवली. रायफलचं वजन सगळीकडे सारखं धरलं, ३.६ किलो. धक्क्याची ऊर्जा साधारण अशी आली:

.२४३ विन्चेस्टर: १३ ज्यूल.
.३०-३० विन्चेस्टर: १४ ज्यूल.
७×५७ माउझर, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८: १८ ते २० ज्यूल.
.३०-०६ स्प्रिंगफील्ड: ३० ज्यूल.
.३०० विन्चेस्टर मॅग्नम: ४१ ज्यूल.

३० ज्यूल म्हणजे तीन किलोचं तांदळाचं पोतं एक मीटरवरून अंगावर पडावं तेवढं. ४१ म्हणजे चार किलोहून जास्त. आता हे खांद्याच्या हाडावर, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासकट, एका सेकंदाच्या छोट्याशा भागात घ्यायचं. माझी मैत्रीण घाबरली यात तिचं काय चुकलं?

आणखी एक गंमत. तेच काडतूस हलक्या रायफलमधून उडवलं तर धक्का वाढतो. वजन निम्मं केलं तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट. म्हणजे "बाई आहे, हिला हलकी रायफल द्या" हा सल्ला देणारा माणूस प्रेमापोटी तिचा खांदा मोडायची सोय करत असतो.

१८७३: घोडदळाची तक्रार

हा प्रश्न बायकांचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी पहिली गोष्ट. १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने .४५-७० नावाचं काडतूस स्वीकारलं. ४५ म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात गोळीचा व्यास आणि ७० म्हणजे काळ्या दारूचं वजन, ग्रेन या एककात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅम शिसं!

पायदळाच्या लांब, जड रायफलमध्ये हे ठीक होतं. पण घोडदळाला आखूड आणि हलकी कार्बाइन दिलेली. तिच्यातून ते काडतूस उडवलं की धक्का असह्य व्हायचा. मग सैन्याने काय केलं? जवानांना "मर्द बना" असं सांगितलं नाही. त्यांच्यासाठी दारू ७० वरून ५५ ग्रेनवर आणली आणि वेगळं काडतूस काढलं. दाढीमिशांच्या घोडेस्वारांसाठी, सरकारी हुकमाने, कमी धक्क्याचं काडतूस. हे लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

धूर गेला, गोळी बारीक झाली

त्या काळी मोठी गोळी ही हौस नव्हती, नाइलाज होता. काळ्या दारूने एका मर्यादेपलीकडे वेग मिळत नाही. वेग वाढत नसेल तर जोर वाढवायला वजनच वाढवावं लागतं.

१८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने धूर न करणारी दारू तयार केली आणि खेळच बदलला. आता बारीक गोळी बऱ्याच जास्त वेगाने फेकता येऊ लागली. पुढच्या दहा वर्षांत युरोपातल्या सैन्यांनी आपापली जाड काडतुसं टाकून दिली.

त्यातली दोन आपल्या कामाची. एक ७×५७ माउझर: सात मिलिमीटरची गोळी, ५७ मिलिमीटर लांबीचं काडतूस. स्पेनने १८९३ मध्ये ते सैन्यासाठी घेतलं. १८९८ मध्ये क्यूबातल्या लढाईत स्पॅनिश सैनिकांनी याच रायफलने अमेरिकनांना इतकं हैराण केलं की नंतर अमेरिकेने स्वतःची रायफल बदलली. दुसऱ्या बोअर युद्धात इंग्रजांनाही दक्षिण आफ्रिकेत याच काडतुसाचा प्रसाद मिळाला.

दुसरं ६.५×५५. स्वीडन आणि नॉर्वे तेव्हा एकाच राजाखाली होते. दोघांच्या समितीने मिळून ते ठरवलं आणि १८९४ च्या सुमारास स्वीकारलं. गोळी बारीक, पण लांबुळकी. लांबुळकी गोळी हवेत वेग लवकर गमावत नाही आणि आत खोल जाते. याच काडतुसाने तिकडचे लोक मूस मारत आलेत. मूस म्हणजे घोड्याएवढा सांबर समजा, कित्येकदा चारशे किलोंच्या वर. आणि माझ्या मैत्रिणीच्या अंगणात येणारं व्हाइट-टेल हरीण? पन्नास ते शंभर किलो.

इथेच खरं तर उत्तर मिळालं होतं. पण माणूस उत्तर मिळालं म्हणून ऐकतो थोडाच!

बेल आणि कॉर्बेट

७×५७ ला इंग्लंडमध्ये रिग्बी या बंदूक बनवणाऱ्या कंपनीने नाव दिलं .२७५ रिग्बी. हे नाव दोन माणसांमुळे गाजलं.

पहिला स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल, लोक त्याला 'कारामोजो बेल' म्हणायचे. आफ्रिकेत हस्तिदंतासाठी त्याने हजारांहून जास्त हत्ती मारले, त्यातले कित्येक याच बारीक काडतुसाने. मला त्याचं कौतुक नाही, वाचताना पोटात ढवळतं. पण तो काय करायचा ते बघा: त्याने हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा अभ्यास केला होता. बाकीचे लोक जाड जाड गोळ्यांचे तोफगोळे वापरत होते, हा जागा शोधत होता.

दुसरा आपल्या ओळखीचा, जिम कॉर्बेट. १९०७ मध्ये कुमाऊँतल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला त्याने संपवलं. कॉर्बेटच्या आकड्यानुसार तिने ४३६ माणसं मारली होती. त्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने, सर जॉन ह्यूएटने, त्याला जी रायफल भेट दिली ती .२७५ रिग्बी. पुढे १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या मारताना हीच रायफल त्याच्या हातात होती.

आता सांगा, स्प्रेडशीटमध्ये हिचा धक्का किती होता? १८ ज्यूल. .३०-०६ पेक्षा बराच कमी, मॅग्नमच्या निम्म्याहून कमी. बेल आणि कॉर्बेटच्या हातात असताना तिला कोणी 'बायकांची रायफल' म्हटलं नाही.

अमेरिकेत काय झालं

अमेरिकेत सुरुवात समजूतदारपणेच झाली. जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनची विन्चेस्टर मॉडेल १८९४ रायफल आली आणि १८९५ मध्ये तिच्यासाठी .३०-३० हे धूर न करणारं काडतूस. ताकद बेताची, धक्का बेताचा. या मॉडेलच्या सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या. गर्द जंगलात, शंभर मीटरच्या आत, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हिनेच हरणं मारली.

मग जाहिरातींचा जमाना आला. १९१५ मध्ये चार्ल्स न्यूटनने बनवलेलं .२५०-३००० सॅव्हेज बाजारात आलं. नावातला '३०००' हा आकडा गोळीचा वेग, सेकंदाला तीन हजार फूट. मोबाइलच्या खोक्यावर मेगापिक्सेल छापतात ना, तसंच. गंमत म्हणजे हे काडतूस होतं मऊ आणि खरंच चांगलं.

पण दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र आकड्यांची शर्यत सुटली. १९४५ मध्ये रॉय वेदरबीने कॅलिफोर्नियात धंदा सुरू केला, घोषवाक्य एकच: वेग. मग मोठ्या कंपन्याही उतरल्या. १९६२ मध्ये ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, १९६३ मध्ये .३०० विन्चेस्टर मॅग्नम. दूरवरच्या डोंगरांत मोठ्या जनावरांसाठी त्यांचा उपयोग आहेच. पण विकली गेली ती गल्लोगल्ली, सत्तर मीटरवरच्या हरणासाठी. म्हणजे ऑफिसला जायला ट्रक.

त्याच काळात 'आउटडोअर लाइफ' मासिकात जॅक ओ'कॉनर हा लेखक लिहीत होता. .२७० विन्चेस्टर या काडतुसाचा तो मोठा भक्त. पण मला त्याच्यापेक्षा त्याची बायको एलिनॉर जास्त आवडते. ती स्वतः उत्तम शिकारी होती. अमेरिकेत आणि आफ्रिकेत तिने वर्षानुवर्षं वापरली ती ७×५७. नवऱ्याच्या घरात रायफलींचा ढीग होता, हवी ती घेता आली असती. तिने आपल्या खांद्याला पटेल ती घेतली आणि तिच्याने नेम साधला.

१९५५: एका सेटिंगची किंमत

हा भाग आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. १९५० च्या आसपास 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाचा वॉरन पेज आणि त्याच्यासारखे हौशी लोक सहा मिलिमीटरच्या गोळ्यांचे प्रयोग करत होते. कल्पना अशी की एकच रायफल, हलक्या गोळीने छोटी जनावरं आणि जड गोळीने हरीण, धक्का मात्र नावापुरता.

१९५५ मध्ये दोन कंपन्यांनी जवळपास एकाच वेळी ही कल्पना बाजारात आणली. विन्चेस्टरने .२४३, रेमिंग्टनने .२४४. ताकदीत उन्नीस-बीस. फरक एका बारीक गोष्टीत होता. रायफलच्या नळीत आतून पेच असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितकी गिरकी जोरात हवी. विन्चेस्टरने दर १० इंचांना एक फेरा ठेवला, त्यामुळे १०० ग्रेनची हरणाची गोळी स्थिर जायची. रेमिंग्टनला वाटलं लोक छोटी जनावरंच मारणार, म्हणून १२ इंचांना एक फेरा ठेवला आणि गोळी दिली ९० ग्रेनपर्यंतचीच.

गिऱ्हाइकाला हवं होतं हरीण. .२४३ घराघरांत गेलं, .२४४ पडून राहिलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने पेच ९ इंचांवर आणले आणि नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन केलं, पण गाडी निघून गेली होती. काडतूस तेच, एक डिफॉल्ट व्हॅल्यू चुकली. प्रॉडक्ट मॅनेजरांनी हे फ्रेम करून लावावं.

कायद्यानेही .२४३ ला हात दिला. कोलोरॅडो राज्यात मोठ्या जनावरासाठी किमान .२४ कॅलिबरची अट आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात साधारण नियम म्हणून किमान .२४० व्यास आणि ठरावीक ऊर्जा मागितली आहे. .२४३ दोन्हीकडे उंबरठा ओलांडतं, तेही सगळ्यांत कमी धक्क्यात.

गोळी सुधारली, हे विसरू नका

मग पूर्वीचे लोक मोठ्या गोळीमागे का लागले, ते काय वेडे होते? नाही. जुन्या गोळ्या खरंच दगा द्यायच्या. वेग वाढला की त्या आदळल्याबरोबर फुटायच्या, आत जायच्याच नाहीत. १९४६ मध्ये जॉन नोस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या कॅनडात एका मूसवर अशाच फुकट गेल्या. घरी येऊन त्याने गोळीच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची भिंत ठेवली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून 'पार्टिशन' नावाने ती विकली जाते. नंतर अख्ख्या तांब्याच्या गोळ्याही आल्या. मोठ्या गोळीचं बरंचसं काम आज लहान गोळी करते, ती यामुळे.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे जुन्या वाटेवर परत येणं. १९८० मध्ये ७ एमएम-०८ रेमिंग्टन आलं. कामगिरीत ते कॉर्बेटच्या ७×५७ चं सख्खं भावंड, फक्त आखूड. २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीचं ६.५ क्रीडमूर आलं, नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बनवलेलं. मूळ कल्पना स्वीडन-नॉर्वेची: बारीक, लांबुळकी गोळी आणि सोसवेल असा धक्का. आज तरुण पोरं ते 'लेटेस्ट' म्हणून घेतात. विचार १८९० च्या दशकातलाच आहे.

मग मी तिला काय सांगितलं

हरणाच्या पुढच्या पायामागे, हृदय आणि फुप्फुसांची जागा साधारण वीस सेंटिमीटरच्या वर्तुळाएवढी असते. आपल्या जेवणाच्या ताटापेक्षा लहान. तिथे .२४३ ची चांगली गोळी लागली तर हरीण काही क्षणांत पडतं. मॅग्नमची गोळी पोटात लागली तर ते पळतं, दाट झाडीत जातं आणि तासन्‌तास तडफडतं. डोळे मिटून, नळी वीतभर खाली नेऊन मारलेली गोळी पोटातच जाते. ४१ ज्यूलच्या रायफलने मैत्रिणीला दिलं होतं ते हेच. तिला जी भीती वाटत होती ती खरी करण्याची सोय.

म्हणून मी लांबलचक उत्तर पाठवलं. सव्वाशे वर्षांचा पुरावा सांगतो की १३ ते २० ज्यूलच्या पट्ट्यात हरणासाठी लागतं ते सगळं आहे. जंगलात जवळून मारायचं तर .२४३ पुरे, पण गोळी हरणासाठी बनवलेलीच घे आणि जागा चुकली तर ते माफ करत नाही. थोडी जास्त मोकळीक हवी तर ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर. रायफल फार हलकी नको. दस्त्याची लांबी तुझ्या हाताला बसली पाहिजे. सहा फुटी माणसाचा दस्ता तुला लांब पडतो, मग मान ताणावी लागते आणि धक्का नको तिथे बसतो. मागे रबराची जाड गादी लाव. कानाला दुहेरी संरक्षण घे; बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि निम्मी भीती आवाजाचीच असते. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक लावतात, पण त्याने आवाज आणखी वाढतो, म्हणून तुला नको.

आणि सराव .२२ वर कर. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरला कांस्य आणलं, ते .२२ वरच. धक्का जवळजवळ नाहीच. शरीराला आधी हे पटू दे की चाप ओढल्यावर काही वाईट होत नाही.

तिने रेंजवर भाड्याने तिन्ही उडवून पाहिल्या आणि ७ एमएम-०८ घेतली. सुरुवातीला दारू कमी भरलेली, मुद्दाम मऊ केलेली काडतुसं वापरली. दुकानात त्यांच्याकडे बघून कोणीतरी हसलं म्हणे. मी तिला १८७३ च्या घोडदळाची गोष्ट पाठवली, सांग म्हटलं त्याला.

नोव्हेंबरमध्ये पहिल्या संध्याकाळी एक मोठा नर दिसला. लांब होता, उजेड जात होता. हिने रायफल खाली ठेवली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त थर्मासमधली कॉफी पुढे केली. दुसऱ्या दिवशी सकाळी साठ-सत्तर मीटरवर एक मादी आली, आडवी उभी राहिली. एकच गोळी. चाळीस पावलांवर पडलेली सापडली.

व्हॉइस नोट या वेळी छोटी होती. आवाज थोडा जड. "झालं. रडले मी थोडीशी. पण ऐक, डोळे उघडे होते माझे."

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. 'मोठं म्हणजे भारी' या समजुतीने तुमच्या क्षेत्रात कोणाचा खांदा दुखावलाय, ते मला नक्की कळवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.